एमएक्स-५चं कापडी छत घरीच बदलायचंय: क्रम, सामान आणि कुठे चुकतं?

जोडपाना

नमस्कार मंडळी,

गाडी माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, म्हणजे १९८९ ते १९९७ मधली. छत हाताने उघडायचं, काळं विनाइल, मागे चेनवाली प्लास्टिकची खिडकी. सध्याची अवस्था अशी आहे: खिडकी पिवळी पडलीये आणि घडीच्या रेषेवर तडकलीये. दोन्ही बाजूंना, छत दुमडताना सांगाडा जिथे घासतो तिथे, बोटभर लांबीची भोकं पडलीयेत. पुढच्या पट्टीवरचं (विंडस्क्रीनच्या चौकटीवर टेकते ती) विनाइल एका कोपऱ्यात सुटलंय. सीटच्या मागचा गालिचा पाऊस पडून गेल्यावर दोन-दोन दिवस ओला राहतो.

पाने, सॉकेट, ड्रिल, रिव्हेट गन हे सगळं हाताशी आहे आणि ते वापरायची सवयही आहे. कापडाचं काम मात्र नवीन. म्हणून विचारतो:

१. विनाइल घ्यावं की कॅनव्हास? मागे पुन्हा प्लास्टिक की काच?
२. सांगाडा गाडीवर ठेवूनच काम करायचं की बाहेर काढून?
३. पुढच्या पट्टीवर ताण किती द्यायचा, हे नेमकं कसं ठरवतात? सगळीकडे ‘चांगलं ओढून चिकटवा’ एवढंच लिहिलेलं असतं.
४. गालिचाची ओल नवीन छताने जाईल ना?

---

पन्हळकर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण नवीन छत आणण्याआधी त्याचं उत्तर मिळायला हवं. नवीन छताने ओल जाईलच असं नाही. या गाडीत सीटमागे पाणी येण्याची तीन कारणं आहेत आणि कापडाची भोकं हे त्यातलं फक्त एक.

छतावरून मागे उतरणारं पाणी सगळंच बाहेर पडत नाही. कापड आणि बॉडी यांच्या सांध्यातून काही पाणी आत शिरतं, आणि ते शिरणार हे धरूनच रचना केलेली आहे. आत, मागच्या बाजूने अर्धगोल फिरणारी प्लास्टिकची पन्हळ असते, तिलाच सगळे रेन रेल म्हणतात. ही पन्हळ पाणी झेलते आणि दोन्ही टोकांना, सीटबेल्टच्या खांबांच्या मागे, निचऱ्याच्या नळीत सोडते. नळी खाली उतरून मागच्या चाकाच्या थोडं पुढे, गाडीच्या पोटाखाली उघडते. नळी तुंबली की पाणी वर चढतं आणि गालिचात उतरतं. त्याहून वाईट म्हणजे ते दाराखालच्या पोकळ पेटीत साठतं आणि पत्रा आतून सडतो. छत कितीही नवं असलं तरी हे थांबत नाही.

तपासणी अशी करा. सीटमागचा गालिचा उचला, खालचा पत्रा पुसून कोरडा करा आणि त्यावर टिश्यू पेपर पसरा. अर्धा लिटर पाणी निचऱ्याच्या तोंडाशी सावकाश ओता. ते लगेच, सलग धारेने खाली पडलं पाहिजे. थेंबथेंब पडत असेल तर नळी तुंबली आहे. ती साफ करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घाला, टोक मेणबत्तीवर गोल करून घ्या. कडक तार खुपसू नका आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. नळी खालच्या जोडातून निसटली तर पाणी थेट त्या पेटीत जाईल, आणि बाहेरून काही कळणारही नाही.

निचरा ठीक असेल तर पन्हळ बघा. इतक्या वर्षांनी प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ होतं. भेगा बहुतेक स्टडच्या (बॉडीतून वर आलेल्या, नट लावायच्या खुंट्यांच्या) भोकांभोवती आणि दोन्ही टोकांच्या शेपटीला पडतात. शेपटी निचऱ्याच्या तोंडावर बसायला हवी. छत बदलताना ती बाहेर दुमडली गेली तर नव्या छताखालीही गालिचा ओलाच राहतो.

नवीन छत घेताना पन्हळ सोबत येते की जुनीच वापरायची, हे आधी विचारून घ्या. काही छतांना ती शिवूनच येते. जुनी वापरायची वेळ आली आणि तिला एक जरी भेग दिसली, तर नवी घ्या. पुढे फक्त पन्हळ बदलायची झाली तरी मागचं सगळं काम पुन्हा उघडावं लागतं.

---

शिवणटाका

पन्हळकर यांनी निचऱ्याचं लिहिलं ते अगदी बरोबर. मी कापड आणि डिंक याबद्दल लिहिते.

विनाइल उबेत ताणलं जातं, त्यामुळे तीन-चार मिलिमीटरची चूक ते पोटात घेतं. कॅनव्हास म्हणून जे मिळतं ते तीन थरांचं असतं: वर रंग धाग्यातच मुरवलेलं अॅक्रिलिक, मध्ये रबराचा पातळ थर, आत अस्तर. स्टेफास्ट आणि सोनेनलँड ही त्यातली नावाजलेली कापडं. ती विनाइलइतकी ताणली जात नाहीत. जिथे माप चुकलं तिथे सुरकुती राहते आणि उन्हात ठेवूनही पूर्ण जात नाही. त्या बदल्यात हे कापड आकसत नाही, उन्हाने कडक होत नाही, आणि आवाजही जरा कमी येतो. पहिल्यांदाच करताय, तेव्हा माझं मत विनाइलकडे झुकतं. पण मापं आणि खुणा मन लावून घेणार असाल तर कॅनव्हास घरी बसवता येणार नाही असं अजिबात नाही.

खिडकीबाबत मी ठाम आहे: काच घ्या. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या पिढीत मागे काच आली, आणि सांगाडा दोन्ही पिढ्यांचा सारखाच असल्याने काचेचं छत पहिल्या पिढीच्या गाडीवर बसतं. चेन नाही, म्हणजे चेनीतून गळणं नाही. छत उघडण्याआधी खिडकी सोडून सपाट ठेवायची कटकटही नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. घडी केल्यावर काच सीटमागच्या फळीवर टेकते, तिथे काहीही ठेवायचं नाही. काचेतल्या गरम तारा वापरायच्या असतील तर त्यांची वायर छत बसवण्याआधी ओढून ठेवा. प्लास्टिकच घेणार असाल तर थंडीत ते दुमडू नका. तापमान १० अंशांच्या खाली गेलं की ते चिरतं.

आता डिंक. लोक सगळ्यात जास्त इथे घसरतात. साध्या कामाचा स्प्रे गोंद घेऊ नका. भर उन्हात काळं छत सहज ६०-७० अंशांना जातं, त्या तापमानाला तो मऊ होतो आणि ताणाखालचं कापड हळूहळू सरकतं. पुढच्या पट्टीवरचा कोपरा सुटण्याचं नेहमीचं कारण हेच. गाडीच्या छतासाठी म्हणून मिळणारा, उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह घ्या, ब्रशने लावायचा. या छताला २५०-३०० मिली पुरतो.

लावायची पद्धत: दोन्ही पृष्ठभागांवर पातळ हात, तो सुकला की दुसरा पातळ हात. मग थांबायचं, साधारण १० ते १५ मिनिटं, बोट टेकवलं तर चिकटपणा जाणवेल पण बोटाला डिंक येणार नाही इतकं. ओला असताना जोडलात तर आतला सॉल्व्हंट अडकतो आणि पकड येत नाही. हवा फार दमट असेल तर त्या दिवशी काम करू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि डिंकाचा थर पांढुरका दिसू लागतो. असा थर धरत नाही.

प्लास्टिकची खिडकी आणि बॉनेट झाकून घ्या. या डिंकाचा एक थेंब पडला तरी पारदर्शक प्लास्टिकवर कायमचा डाग राहतो. हवा खेळती हवी, आसपास ज्योत नको. पाणी तापवायच्या गॅसचा गिझर त्याच खोलीत असेल तर तोही बंद.

---

कमानवाला

आता प्रत्यक्ष काम. पूर्ण दोन दिवस धरा, आणि पहिला दिवस नुसता काढण्यात आणि साफसफाईत जाईल असं समजून चला.

आदल्या रात्री मागच्या पट्ट्यांच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नवीन छत पेटीतून काढून उबदार जागी उलगडून ठेवा, घड्या निघायला वेळ लागतो.

काढायच्या आधी खुणा. त्याशिवाय एकही स्क्रू हलवू नका. छत बंद, लॅच (छत विंडस्क्रीनच्या चौकटीला अडकवणाऱ्या कड्या) लावलेले. प्रत्येक कमानीच्या (कापड पेलणाऱ्या, सांगाड्याच्या आडव्या दांडीच्या) मधोमध खूण करा, विंडस्क्रीनच्या चौकटीच्या मध्यावर टेप लावा. एका कमानीपासून दुसरीपर्यंतची अंतरं डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजून लिहा. जुन्या कापडाची कड कुठे होती यावर मात्र विसंबू नका. विनाइल वर्षानुवर्षं आकसत जातं, त्यामुळे त्याची कड हे खरं माप नव्हे. खरं माप कमानींचं.

मग क्रमाने:

सीटमागचा गालिचा आणि सीटबेल्टच्या खांबांवरची कव्हरं काढा. सीट काढल्या नाहीत तरी चालतं, पण काढल्या तर पाठ वाचते.

मागे कापड आणि पन्हळ तीन धातूच्या पट्ट्यांखाली दाबलेली असतात, मध्ये एक लांब आणि बाजूंना दोन. त्यांचे सगळे नट १० एमएमचे. लहान रॅचेट वापरा, मोठा हात लावू नका. स्टड फिरायला लागला किंवा तुटला तर त्याच्यापर्यंत पोचायला जागा नाही. पट्ट्या निघाल्या की पन्हळ स्टडवरून हलकेच उचला.

बाजूचे रबर प्रत्येक बाजूला तीन तुकड्यांत असतात आणि ते धातूच्या पन्हाळ्यांत बसवलेले असतात. रबर ओढून काढा, प्रत्येकावर क्रमांक घाला. पन्हाळ्यांची भोकं लांबट आहेत, म्हणजे ते पुढे-मागे सरकतात. त्यांच्याभोवती टोकदार सुईने सांगाड्यावर बारीक रेघ ओढा आणि मगच स्क्रू सोडा. ही रेघ न ओढता काढलेत तर दाराच्या काचा पुन्हा नीट टेकवण्यात एक अख्खा दिवस जाईल.

दोन्ही बाजूंना, दाराच्या काचेच्या वरच्या शिवणीतून एक बारीक तार जाते. तिच्या एका टोकाला स्प्रिंग असतो. कापड खिडकीच्या वर फडफडू नये म्हणून ती आहे. तार ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधा, म्हणजे तार निघाल्यावर ती कुठून कशी जाते ते दोरा दाखवत राहील. तीच तार नव्या छताच्या शिवणीत ओवायची. ही तार ओवायची राहून गेली तर सगळं बसवून झाल्यावर लक्षात येतं, कारण वेग घेतला की कापड फुग्यासारखं वर उचललं जातं.

पुढचा रबर, त्याचा पन्हाळा, मग चिकटवलेलं कापड. शेवटी कमानींवरचे स्क्रू आणि रिव्हेट. रिव्हेटच्या डोक्यावर रिव्हेटच्याच मापाचं बिट चालवा. डोकं सुटलं की थांबा आणि उरलेलं पंचने खाली पाडा. भोक मोठं करू नका. ड्रिलचा कीस लगेच व्हॅक्यूमने ओढून घ्या, गालिचात राहिला तर गंजाचे ठिपके पडतात आणि पन्हळीत पडला तर निचऱ्यात जाऊन बसतो.

कमानींना जोडणारे कापडी पट्टे असतात, ते कापू नका. कमानी किती अंतरावर थांबायच्या ते तेच ठरवतात. झिजले असतील तर एका वेळी एकच बदला, दुसऱ्या बाजूचा जागेवर ठेवून. दोन्ही एकदम काढले की सांगाड्याला स्वतःचं असं माप उरत नाही.

आता साफसफाई. पुढच्या पट्टीवरचा जुना डिंक प्लास्टिकच्या खरवडणीने आणि डिंक काढायच्या द्रावणाने पूर्ण काढा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गंज दिसला तर घासून प्रायमर आणि रंग. तो रंग पूर्ण पक्का होऊ द्या. कच्च्या रंगावर डिंकातला सॉल्व्हंट लागला की रंग उचलला जातो आणि कापड त्या सुटलेल्या रंगाला चिकटून राहतं. सांध्यांना तेल द्यायचं तर आत्ताच, आणि जास्तीचं पुसून घ्या.

बसवताना आधी कमानी, मग मागची बाजू, सगळ्यात शेवटी पुढची. कापड सांगाड्यावर टाका, मधल्या खुणा जुळवा. कमानींवर पक्कं करा, तारा ओवा. मागे पन्हळ स्टडवर बसवताना मधून सुरुवात करून बाहेर जा. दोन्ही शेपट्या निचऱ्याच्या तोंडावर आहेत हे टॉर्च लावून बघा. पट्ट्या ठेवून नट बोटांनी लावा, सगळे लागल्यावर रॅचेटने घट्ट करा, पुन्हा मधून बाहेर. घट्ट म्हणजे हाताला अडल्यावर पाव फेरा, बस.

आता तुमचा तिसरा प्रश्न. ताण अंदाजाने द्यायचा नसतो, तो खडूने मोजायचा असतो:

छत लॅच करा. कापड पुढच्या पट्टीवरून हाताने ओढा, सुरकुत्या जेमतेम जातील इतकंच, आणि क्लिपांनी पकडा. पट्टीच्या पुढच्या कडेवर, कापडाच्या बाहेरच्या बाजूने खडूची रेघ मारा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. लॅच सोडा, पुढची पट्टी थोडी उचला. ताण गेला. आता कापड असं पुढे घ्या की ती रेघ कडेच्या ६ ते १० मिमी पुढे, म्हणजे खाली वळलेल्या भागावर येईल. विनाइलला १०च्या जवळ, कॅनव्हासला ६च्या जवळ. पुन्हा क्लिपा लावा आणि डिंक न लावता लॅच करून बघा. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर लॅच बसायला हवेत. एका हाताने सहज बसले तर ताण कमी आहे. गुडघा टेकवावा लागला तर जास्त आहे, अशाने लॅच वाकतात आणि मागची शिवण खेचली जाते.

तसंच क्लिपांवर अर्धा तास राहू द्या, उन्हात असेल तर उत्तम. सगळ्या बाजूंनी बघा. मागच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरक्या सुरकुत्या येत असतील तर कापड एका बाजूला सरकलंय, पुढे ओढून त्या जाणार नाहीत. मागे दोन-तीन नट सैल करून सरकवा. समाधान झालं की मगच डिंक.

चिकटवताना मधला एक वीत भाग आधी, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, कोपरे शेवटी. कोपऱ्यात कापड जाड होतं, तिथे आतल्या थराला कात्रीने दोन-तीन छोटे काप द्या, पण कडेपासून ५ मिमी आधी थांबा.

---

जोडपाना

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. निचरा तपासला: उजवीकडची नळी पूर्ण तुंबलेली होती, डावी साफ. पन्हळीला उजव्या शेपटीजवळ भेग आहे, तेव्हा पन्हळीसकटच छत घेणार. काचेचं, कॅनव्हास.

दोन शंका. रिव्हेट कोणते घ्यायचे? आणि सांगाडा काढायचा की नाही, हे राहिलं.

---

कमानवाला

रिव्हेटचं माप जुन्या भोकावरून घ्या, कॅलिपर लावून. दोन माप भेटतील, बहुतेक ३.२ आणि ४.८ मिमी. लांबी म्हणजे जोडायच्या थरांची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची साधारण दीडपट. कापडावर येणारे रिव्हेट रुंद डोक्याचे घ्या, नाहीतर डोकं कापडातून आरपार निघतं. अॅल्युमिनियमचे चालतील, पण आतला खिळा लोखंडी नको. तो तुटून आतच राहतो, गंजतो, आणि कापडावर तपकिरी ओघळ येतात. प्रत्येक प्रकारचे हवेत त्याहून दहा तरी जास्तीचे ठेवा.

सांगाडा: माझं मत, गाडीवरच ठेवा. ताण शेवटी विंडस्क्रीनच्या चौकटीवरच ठरतो, आणि ती टेबलावर नसते.

---

शिवणटाका

इथे मी थोडी असहमत आहे. सांगाडा प्रत्येक बाजूला तीन बोल्टांवर आहे, दोन माणसांनी सहज उचलता येतो. जुनं कापड काढणं, रिव्हेट, गंज, रंग, तारा ओवणं हे सगळं घोडीवर ठेवून उभ्याने करता येतं, आणि कीस गाडीत पडत नाही. कॅनव्हाससाठी कमानींवरचं काम नीट दिसणं फार महत्त्वाचं आहे. पुढचं चिकटवणं मात्र गाडीवर बसवल्यावरच, याबाबत दुमत नाही.

काढलात तर बोल्टांच्या वॉशरभोवतीही सुईने रेघ ओढा. सांगाडा दोन मिलिमीटर पुढे-मागे बसला तर लॅचचं सगळं गणित बदलतं. आणि टेबलावर सांगाडा उघडा-मिटा करू नका. आधार नसताना तो पिळला जातो, बोटंही सापडतात.

---

कमानवाला

गंज जास्त असेल तर काढणं योग्य, मान्य. नसेल तर बोल्ट हलवायची जोखीम घेऊ नये असं अजूनही वाटतं. मागे ज्या उजव्या बाजूचा निचरा तुंबला होता, त्या बाजूचे बोल्ट आणि त्याखालचा पत्रा आधी बघा. तिथे गंज फुगलेला असेल तर काढावाच लागेल.

---

मागची_सीट

धाग्यात मध्येच शिरतोय. माझ्याकडे चार जणांची, मोटरने उघडणारी कन्व्हर्टिबल आहे. मागच्या कमानीवर कापड स्टेपलने ठोकलंय. हीच पद्धत चालेल का?

---

शिवणटाका

तत्त्व तेच, पण तीन-चार ठिकाणी फरक आहे.

हायड्रॉलिक छत अर्धवट उघडं ठेवून खाली हात घालायचा नाही. दाब उतरला की ते आपल्या वजनाने येतं. काम करायचं त्या स्थितीत लाकडी टेकू लावा आणि किल्ली काढून दूर ठेवा. छत उघडं आहे तोवर सिलिंडरच्या दांड्यांभोवती तेलाचा ओलावा आहे का बघा. पुन्हा इतकं मोकळं ते मिळणार नाही.

कापड काढण्याआधी मागच्या कमानीची बॉडीच्या कडेपासूनची उंची मोजा. तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हा आकडा असतो, तो मिळाला तर मोजमापापेक्षा तोच धरा. हीच उंची चुकली तर मागची काच सैल पडते किंवा छत बंदच होत नाही.

दोन्ही बाजूंना कमानींवरून जाणाऱ्या गाद्या असतात. त्या एका वेळी एकाच बाजूच्या काढून बदला. कारण वर कमानींना जोडणाऱ्या कापडी पट्ट्यांबद्दल आलंय तेच.

स्टेपल ज्या पट्टीत जातात ती आधी दाबून बघा. चुरा होत असेल तर नवी घाला, जुन्यात स्टेपल धरणार नाहीत. स्टेपल स्टेनलेस स्टीलचेच, पायाची लांबी पट्टीच्या जाडीपेक्षा थोडी कमी. लांब पाय खालच्या धातूला आपटून वाकतो आणि डोकं वर राहतं. आधी चार-पाच स्टेपल अर्धवट मारून छत बंद करून बघा, मग बाकीचे. स्टेपलच्या रांगेवर झाकायची पट्टी येते, तिच्या दोन्ही टोकांना सीलंटचा एकेक ठिपका द्या, पाणी तिथूनच आत शिरतं. सेन्सरच्या वायरी कमानींच्या बाजूने जातात, रिव्हेट किंवा स्टेपल मारण्याआधी त्या कुठे आहेत ते बोटाने चाचपा.

---

पन्हळकर

जोडपाना, बसवून झाल्यावरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लॅचचे हूक फिरवून लांब-आखूड करता येतात. नवं छत लावताना ते दोन-तीन फेरे लांब करून ठेवा. कापड बसत जाईल तसे आठ-पंधरा दिवसांत थोडे-थोडे आखूड करा, दोन्ही बाजूंना सारखे.

डिंक लावल्यावर ४८ तास छत लॅच केलेलंच राहू द्या, त्या काळात धुऊ नका. त्यानंतर पाण्याची परीक्षा. पाईपचं तोंड मोकळं ठेवा, फवारा किंवा प्रेशर वॉशर नको, तसला जोर पावसाला नसतो आणि त्याने चांगलं रबरही गळतं. सुरुवात खालून: आधी पाच मिनिटं मागच्या सांध्यावर, मग बाजूंना, शेवटी पुढच्या पट्टीवर. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. आत टिश्यू पसरलेले हवेत.

पाणी कुठे दिसतं त्यावरून:

गुडघ्यावर किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात थेंब: पुढचा रबर आणि बाजूचा रबर जिथे भेटतात तिथे फट आहे. बहुतेक बाजूचा पन्हाळा सुईच्या रेघेवर परत बसलेला नसतो.

दाराच्या काचेच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातून: कागदाची पट्टी रबर आणि काचेमध्ये धरून दार लावा आणि ओढा. अडखळत निघाली तर ठीक, सहज सुटली तर काच वर किंवा आत घ्यावी लागेल.

सीटबेल्टच्या खांबाजवळ ओल: पन्हळीची शेपटी बाहेर राहिली आहे. मागच्या कोपऱ्यातले चार नट सोडून पुन्हा बसवा, पूर्ण छत काढायची गरज नाही.

कॅनव्हासच्या शिवणीतून पहिल्या एक-दोन वेळा बारीक ओल येऊ शकते, सुईची भोकं धाग्याने पूर्ण भरलेली नसतात. शिवण पूर्ण वाळू द्या आणि आतून शिवणीवर सीम सीलरचा पातळ हात फिरवा. बाहेरून सिलिकॉन लावू नका. ते दिसतं वाईट, धूळ धरतं, आणि पुढे त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही.

छत पहिल्यांदा उघडायची घाई नको. दोन आठवडे बंद ठेवा, रोज थोडं ऊन मिळालं तर पेटीतल्या घड्या आपोआप जातील. पहिल्यांदा दुमडताना एक जण बाहेर उभा राहून बघू दे, कापड कुठे कमानीच्या सांध्यात सापडतंय का. जुन्या छताला ज्या दोन जागी भोकं पडली होती तिथेच ते सापडणार. कापड त्या जागी हाताने बाहेर ओढून घडी पाडून द्या, चार-पाच वेळा असं केलं की त्याला घडीची सवय लागते. सांगाड्याची ती कड बारीक पॉलिश पेपरने घासून वर कापडी टेप लावा, आणि हे छत बसवण्याआधीच करा, नंतर हात पोचत नाही.

---

जोडपाना

कडेचं मुळीच सुचलं नव्हतं. जुनं कापड उलटून पाहिलं, डावीकडच्या भोकाखाली कमानीच्या सांध्याला खरंच धारदार कंगोरा आहे, उजवीकडे रिव्हेटचं डोकं वर आलंय. उजवीकडचे बोल्टही पाहिले. वरवरचा गंज आहे, पत्रा ठोकल्यावर आवाज टणक येतो, म्हणजे सांगाडा गाडीवरच ठेवतो. काचेच्या गरम तारांची वायर उजव्या खांबाखालून काढली तर निचऱ्याच्या नळीला अडेल का?

---

पन्हळकर

अडेल. वायर पन्हळीच्या वरच्या बाजूने, गालिचाखालून न्या, निचऱ्याच्या तोंडापासून किमान चार बोटं दूर. काच घडी होताना मागे सरकते, तेवढी ढील ठेवा. छत पूर्ण मिटून ढील मोजा आणि मगच क्लिप लावा.